एकाच डबींत दोन कामें

सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एक नवाच प्रश्न वारंवार ऐकूं येतो. त्वचा मऊ ठेवणारें मॉइश्चरायझर आणि उन्हापासून रक्षण करणारें सनस्क्रीन हे दोन्ही पदार्थ घरांत येऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. परंतु त्यांच्या जोडीस अशाहि डब्या आल्या आहेत, कीं ज्यांवर 'मॉइश्चरायझर, एसपीएफ १५' किंवा 'एसपीएफ ३०' असें छापलेलें असतें. मग साहजिकच मनांत येतें, कीं एकाच डबींत दोन्ही कामें होत असतील तर दुसरीवर पैसे कां घालवावे? काटकसरी गृहिणीचा हा प्रश्न मुळींच हंसण्यासारखा नाहीं. त्याचें नीट उत्तर द्यावयाचें, तर ऊन म्हणजे काय, डबीवरील आंकडा म्हणजे काय, आणि घरांतील कोणत्या माणसाला कशाची गरज आहे, ह्या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. तो एकदां केला, म्हणजे प्रत्येक वेळीं जाहिरातीच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं त्वचेचें स्नेहन आणि उन्हाचें निवारण हीं मुळांत दोन निरनिराळीं कामें आहेत. आपल्या प्राचीन वैद्यकानेंहि तीं वेगळींच सांगितलीं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येचा अध्याय पाहावा. तेथें रोज अभ्यंग करावा असें सांगितलें आहे, आणि बाहेर हिंडतांना छत्र व पादत्राण बाळगावें, असेंहि सांगितलें आहे. अंगाला तेल चोळलें तेव्हां आतां छत्रीचें प्रयोजन नाहीं, असा अर्थ त्यांतून कोणी काढीत नाहीं. मॉइश्चरायझर हा अभ्यंगाच्या जातीचा पदार्थ होय. त्यांतील ग्लिसरिनसारखीं द्रव्यें त्वचेंत पाणी धरून ठेवतात, आणि व्हॅसलीनसारखीं स्निग्ध द्रव्यें तें पाणी उडून जाऊं देत नाहींत. सनस्क्रीन हें छत्राच्या जातीचें. कांहींत सूर्यकिरण शोषून घेणारीं सेंद्रिय रसायनें असतात, तर कांहींत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ह्यांची अत्यंत बारीक पूड असते. ही पूडहि बहुतेक किरण शोषून घेते व थोडे परतवून लावते. एसपीएफचा आंकडा मिरविणारें मॉइश्चरायझर म्हणजे अभ्यंगाच्या तेलांतच छत्र कालविण्याचा प्रयत्न होय. तो प्रयत्न कितपत साधतो, हें पाहावयाचें आहे. जातां जातां एवढें सांगून ठेवतों, कीं नुसतें खोबरेल, तिळेल किंवा साय चोळून उन्हाचें निवारण होतें, ही समजूत खरी नव्हे. त्यांपासून मिळणारें रक्षण इतकें अल्प आहे, कीं दुपारच्या उन्हांत त्यावर विसंबूं नये.

आतां उन्हाविषयीं. सूर्याच्या ज्या अदृश्य किरणांचा त्वचेवर विशेष परिणाम होतो, त्यांस अतिनील किरण म्हणतात. त्यांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. पैकी सी वर्गाचे किरण वातावरणांतील ओझोनमुळें जमिनीपर्यंत पोंचतच नाहींत. बी वर्गाचे किरण ३२० नॅनोमीटरांहून आंखूड लांबीचे. त्वचा लाल होणें, भाजणें, सोलवटणें हें मुख्यतः त्यांचें काम. ए वर्गाचे किरण ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे. ते त्वचेंत अधिक खोल शिरतात. त्यांच्यामुळें तत्काळ भाजत नाहीं, म्हणून ते दुर्लक्षिले जातात. परंतु सुरकुत्या, काळवंडणें आणि डाग ह्यांत त्यांचा वांटा मोठा असतो. शिवाय खिडकीची साधी कांच बी वर्गाच्या किरणांना बहुतांशीं अडविते, पण ए वर्गाचे पुष्कळसे किरण तींतून आंत येतात. २०१२ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एका एकोणसत्तर वर्षांच्या मालमोटारचालकाचें छायाचित्र प्रसिद्ध झालें होतें. त्यानें अठ्ठावीस वर्षें मालमोटार हांकली होती. अमेरिकेंत चालक डावीकडे बसतो; त्यामुळें त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर खिडकींतून येणारें ऊन सतत पडत असे. उजव्या बाजूच्या मानानें त्याची डावी बाजू जाड, खडबडीत आणि खोल सुरकुत्यांनीं भरलेली होती. वय एकच, रक्त एकच. भेद केवळ उन्हाचा.

आपल्या प्रदेशांत तर ऊन कमी नाहीं. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य माध्यान्हीं नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. जागतिक आरोग्य संघटनेनें अतिनील किरणांची प्रखरता मोजण्यासाठीं एक निर्देशांक प्रचारांत आणला आहे. तो तीन झाला कीं रक्षणाची तजवीज करावी, आणि अकरा किंवा अधिक झाला कीं तो अत्यंत प्रखर समजावा, असा संकेत आहे. उन्हाळ्यांत आपल्याकडे दुपारीं तो अकराच्या पुढें सहज जातो. यंत्राजवळ नसणाऱ्यास सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड दिसूं लागली, कीं ऊन बाधक झालें असें मानावें. आभाळ आलें म्हणूनहि निश्चिंत होऊं नये. पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खालीं येतातच.

आतां डबीवरील आंकड्याकडे वळूं. एसपीएफ म्हणजे 'सन प्रोटेक्शन फॅक्टर'. आपण त्यास सूर्यरक्षणांक म्हणूं. अशा प्रकारची मोजणी जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ शुल्झे ह्यांनीं १९५६ सालीं सुचविली, आणि ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ फ्रान्झ ग्रायटर ह्यांनीं १९७४ सालीं ती आजच्या नांवानें रूढ केली. ह्याच ग्रायटर ह्यांनीं १९४६ सालीं बर्फाच्छादित डोंगर चढणाऱ्यांसाठीं उन्हाचें एक मलम बाजारांत आणलें होतें. उघड्या त्वचेला लाली येण्यास किरणांची जितकी मात्रा लागते, त्याच्या किती पट मात्रा मलम लावलेल्या त्वचेला लागते, हें ह्या अंकावरून कळतें. बी वर्गाच्या शंभर किरणांपैकीं अंक १५ असतां सुमारें त्र्याण्णव, ३० असतां सत्त्याण्णव आणि ५० असतां अठ्ठ्याण्णव किरण अडविले जातात. म्हणजे ३० आणि ५० ह्यांत जाहिरातींत दाखवितात तितकें अंतर नाहीं. परंतु १५ आणि ३० ह्यांत आहे, कारण आंत शिरणारे किरण सातांवरून तिनांवर येतात. हा अंक म्हणजे तासांची संख्या नव्हे. शिवाय तो मुख्यतः बी वर्गाविषयीं बोलतो. ए वर्गासाठीं जपानांत १९९६ सालापासून 'पीए' हें चिन्ह वापरतात व त्यापुढें अधिकाची फुली एक, दोन किंवा तीन वेळां मांडतात. २०१३ पासून चौथीहि मांडूं लागले. आपल्याकडील डब्यांवरहि हें चिन्ह आढळतें. कित्येक मॉइश्चरायझरांवर सूर्यरक्षणांक ठळक असतो, आणि 'पीए' किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' ह्या शब्दांचा मागमूसहि नसतो. तेथें गिऱ्हाइकानें थबकावें.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. हा अंक प्रयोगशाळेंत ठरवितात, तेव्हां त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरास दोन मिलिग्रॅम ह्या प्रमाणांत मलम लावलेलें असतें. चेहरा आणि गळा मिळून सुमारें सहाशें चौरस सेंटिमीटर धरले, तर बाराशें मिलिग्रॅम, म्हणजे एक पूर्णांक दोन-दशांश ग्रॅम मलम एका वेळीं लागतें. चहाच्या लहान चमच्याचा हा पाव भाग झाला. आतां मुलांना घालण्यासारखें एक त्रैराशिक पाहा. पन्नास ग्रॅमांची नळी ह्या मापानें रोज एकदांच वापरली, तर ती एकेचाळीस दिवसांत संपावयास हवी. तीच नळी जर एका माणसाला पांच महिने पुरत असेल, तर तो रोज एक-तृतीयांश ग्रॅमच लावतो, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित् अधिक. लोक प्रत्यक्षांत ठरलेल्या मात्रेच्या पाव ते अर्ध्यापर्यंतच मलम लावतात, असें पाहणाऱ्यांना वारंवार आढळलें आहे. मात्रा पाव झाली, कीं रक्षणहि पावावर, कित्येकदां त्याहूनहि खालीं येतें. डबीवर तीस लिहिलेलें असतें. गालावर सात-आठ उतरतात.

दोन पदार्थांतील भेद येथेंच प्रगट होतो. मॉइश्चरायझर हें स्वभावतःच थोडें लावण्याचें. बोटावर वाटाण्याएवढें घ्यावें, चेहऱ्यावर पसरावें, त्वचा मऊ झाली कीं काम झालें. त्याची मात्रा आपण ओलाव्याच्या गरजेवरून ठरवितों, उन्हाच्या नव्हे. पावसाळ्यांत कोंकणच्या दमट हवेंत तर त्याची गरजच भासत नाहीं, आणि मग ऊन पडलें तरी डबी उघडली जात नाहीं. सनस्क्रीन मात्र मनुष्य उन्हाचा विचार करूनच हातीं घेतो, म्हणून तें अधिक लक्षपूर्वक लावतो. ह्याला प्रत्यक्ष आधारहि आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौऱ्यायशीं माणसांना एकदां सूर्यरक्षणांक ३० चें सनस्क्रीन आणि एकदां त्याच अंकाचें मॉइश्चरायझर चेहऱ्याला लावण्यास सांगितलें, आणि अतिनील किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें छायाचित्रें घेतलीं. सनस्क्रीन लावतांना चेहऱ्याचा सुमारें अकरा टक्के भाग कोरडाच राहिला होता; मॉइश्चरायझर लावतांना सोळा टक्क्यांहून अधिक. पापण्यांच्या बाबतींत तर हें प्रमाण चौदा आणि जवळजवळ एकवीस असें पडलें. पापणीची त्वचा अत्यंत पातळ, आणि तिलाच सर्वांत कमी वांटा मिळाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ह्यावरून मॉइश्चरायझरांतील सूर्यरक्षण म्हणजे निव्वळ थाप, असा निष्कर्ष काढूं नये. त्यांतहि तींच किरणरोधक द्रव्यें असतात, आणि पुरेशा प्रमाणांत लावलें तर तेंहि काम देतें. शिवाय त्याचा एक मोठा गुण असा, कीं तें रोज लावलें जातें. नित्यक्रमाचें महत्त्व ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगानें उत्तम रीतीनें दाखविलें आहे. क्वीन्सलंड प्रांतांतील नॅम्बूर ह्या गांवीं १९९२ ते १९९६ पर्यंत सोळाशेंहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडले. एकांनीं सनस्क्रीन रोज लावावें, दुसऱ्यांनीं आपल्या मर्जीप्रमाणें वागावें, असें ठरलें. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गांठी सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी आढळल्या; आणि २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें त्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणाहि चोवीस टक्क्यांनीं कमी दिसल्या. त्यांना दिलेलें सनस्क्रीन पन्नास अंकाचें नव्हतें. पंधरा-सोळा अंकांचेंच होतें. तेथील लोक बहुतेक गोऱ्या त्वचेचे, हें खरें. तरी नियमितपणा हा मोठ्या आंकड्याहून श्रेष्ठ, एवढा धडा सर्वांनाच घेण्यासारखा आहे.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर डबींत नसून माणसाच्या दिनक्रमांत आहे. एकत्र कुटुंबांत हें अगदीं स्पष्ट दिसतें. जो मनुष्य सकाळीं लवकर कचेरींत शिरतो, दिवसभर खिडकीपासून दूर बसतो, आणि ऊन उतरल्यावर परत येतो, त्याला ए वर्गापासूनहि रक्षण देणारें, ३० अंकाचें मॉइश्चरायझर पुरे आहे. मात्र तें सढळ हातानें लावावें. परंतु दुचाकीवरून दुपारीं गांवभर हिंडणारा मुलगा, मैदानावर खेळणारीं मुलें, शेतावर देखरेख करणारा भाऊ, यात्रेस निघालेली मंडळी, ह्यांना वेगळें सनस्क्रीनच हवें, आणि तें दर दोन तासांनीं पुन्हां लावावयास हवें. घाम व पाणी ह्यांना टिकणारें असेल तर अधिक चांगलें. मॉइश्चरायझर बहुधा घामाबरोबर वाहून जातें, आणि दुपारीं पुन्हां तोंडाला चोपडण्यासारखें तें नसतें. ज्या सुनेच्या गालांवर गरोदरपणापासून वांगाचे डाग उमटले आहेत, तिची गोष्ट आणखी निराळी. वांगाला नुसते अतिनील किरणच नव्हे, तर साधा दृश्य प्रकाशहि चेतवितो; म्हणून आयर्न ऑक्साइड घातलेलें, त्वचेच्या रंगाचें सनस्क्रीन तिला अधिक उपयोगी पडतें. तिनें खिडकीजवळ बसून निवडटिपण करावयाचें असलें, तरीहि तें लावावें, आणि त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्या मुलाला मात्र सावली आणि झबलेंटोपडें हेंच खरें सनस्क्रीन. घरांतील वृद्धांना ड जीवनसत्त्वाची काळजी वाटते, व ती अस्थानीं नाहीं; परंतु ती उणीव दुपारच्या उन्हांत भाजून घेऊन नव्हे, तर तपासणी करून वैद्याच्या सल्ल्यानें भरून काढावी.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें माझें कर्तव्य आहे. अनेक घरांतून ही नळी लग्नाच्या मुलीच्या आरशासमोर असते, आणि उन्हांत राबणाऱ्या माणसाच्या वाट्यास येत नाहीं. ह्याचें कारण असें, कीं सनस्क्रीन हें गोरें होण्याचें साधन आहे, असा एक समज मनांत दडून बसलेला असतो. तो समूळ काढून टाकला पाहिजे. त्वचेचा सांवळा वर्ण हें सृष्टीनेंच दिलेलें छत्र आहे. त्यांतील मेलॅनिन ह्या रंगद्रव्यामुळेंच आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानानें पुष्कळच कमी आढळतो. परंतु तेंच रंगद्रव्य चटकन् चाळवलें जातें, म्हणून डाग, वांग आणि काळवंडणें हे विकार आपल्यांत अधिक. सनस्क्रीन हें उन्हानें आलेला विकार रोखतें. जन्मजात वर्ण पालटीत नाहीं, आणि पालटण्याचें प्रयोजनहि नाहीं. मुलीला नळी द्यावयाची ती तिचा रंग उजळावा म्हणून नव्हे, तर ती कॉलेजांत उन्हांतून जाते म्हणून; आणि तिचा भाऊ तिच्याहून अधिक उन्हांत जात असेल, तर त्याला आधीं. मुलगे अशा वस्तूला हात लावण्यास लाजतात. ती लाज वडील मंडळींनीं स्वतः लावून मोडावी.

आतां वापरण्याविषयीं दोन शब्द. दोन्ही पदार्थ लावावयाचे, तर प्रथम मॉइश्चरायझर, तें जिरूं द्यावें, आणि शेवटीं सनस्क्रीन. बाहेर पडण्यापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें. तळहातावर दोन्ही एकत्र कालवूं नयेत, कारण त्यायोगें छत्र पातळ होतें. पंधरा अंकाच्या मॉइश्चरायझरावर तीस अंकाचें सनस्क्रीन लावलें म्हणजे पंचेचाळीस होतात, हा हिशेब अंकगणितांत बरोबर असला तरी त्वचेवर चुकतो. मात्रेचें घरगुती माप म्हणजे तर्जनी व मधलें बोट ह्यांच्या लांबीच्या दोन रेघा. तेवढें मलम चेहरा व गळा मिळून घ्यावें. कान, मानेची मागची बाजू, हातांची पाठ आणि विरळ केसांचा भांग ह्यांचा विसर पडूं देऊं नये. डोळ्यांत झोंबतें म्हणून पापण्या सुटतात. तेथें रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा कामास येतो. ज्यांची त्वचा तेलकट आहे, त्यांना सनस्क्रीनच्या खालीं वेगळें मॉइश्चरायझर लागतेंच असें नाहीं. हल्लींच्या कित्येक सनस्क्रीनांत ओलावा राखणारीं द्रव्यें घातलेलीं असतात, तेव्हां ज्यांना एकच डबी ठेवावयाची आहे, त्यांनीं ओलावा देणारें सनस्क्रीन निवडावें. ऊन अडविणारें मॉइश्चरायझर निवडण्यापेक्षां हा मार्ग बरा. कारण चुकून ओलावा कमी पडला तर त्वचा ओढल्यासारखी होऊन लगेच सांगते, पण रक्षण कमी पडलें तर ती वर्षानुवर्षें कांहींच बोलत नाहीं.

आणि इतकें करूनहि मलमाला छत्रीच्या जागीं बसवूं नये. दहा ते चारच्या दरम्यान होईल तेवढें काम सावलींत उरकावें, अंगभर सुती कपडे घालावे, डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री घ्यावी, आणि जो भाग तरीहि उघडा राहील त्याला मलम लावावें, हाच योग्य क्रम होय. कापड पुसलें जात नाहीं, दोन तासांनीं उतरत नाहीं, आणि त्याची मात्रा चुकत नाहीं.

सारांश, पुढच्या महिन्याचा किराणा भरतांना गृहिणीनें डबी हातांत घेण्याआधीं घरांतील माणसें डोळ्यांपुढें आणावीं. कोण किती वेळ उन्हांत असतो, ह्याची मनाशीं यादी करावी. सावलींत असणाऱ्यांना एक डबी पुरेल. उन्हांत जाणाऱ्यांना वेगळी नळी द्यावी, ती प्रत्येकाची स्वतंत्र असावी, आणि ती दीड महिन्याच्या आंत संपली तर उधळपट्टी झाली म्हणून रागावूं नये. ती पांच महिने टिकली, तरच विचारणा करावी.